खुले पत्र : १० लिटरला ३ मिली, पण कुठल्या १० लिटरला?

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

स.न.वि.वि.

"क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ एससी, ३ मिली प्रति १० लिटर पाणी." सोयाबीनवरच्या अळीसाठी हा सल्ला राज्यातल्या शेतकऱ्याला पाठ आहे. विद्यापीठाच्या शिफारशीत तो असतो, घडीपत्रिकेत असतो, दुकानदाराच्या चिठ्ठीवरही असतो. त्यात एकरी २०० लिटर पाणी गृहीत धरलेले आहे, म्हणजे औषध एकरी ६० मिली. पाठीवर पंप होता तोवर हे गृहीत कोणी बोलून दाखवायची गरज पडली नाही. आता शिवारात येणाऱ्या बऱ्याच फवारणी ड्रोनची टाकी नेमकी १० लिटरची आहे आणि तेवढ्या पाण्यात अख्खा एकर उरकतो. सल्ला शब्दशः पाळणारा शेतकरी टाकीत ३ मिली ओततो. तिथे ६० हवे असतात.

आम्ही ड्रोनने फवारणी करून देणारे आणि फवारणीचे द्रावण तयार करणारे लोक आहोत. ड्रोन चांगला की वाईट, हा वाद आम्हाला घालायचा नाही. पाच-सहा महिन्यांच्या उसात माणूस शिरू शकत नाही, डोक्याएवढ्या तुरीत पंप घेऊन चालणे म्हणजे औषध अंगावर घेणे, आणि पावसाने काळी जमीन लोण्यासारखी झाली की सोयाबीनमध्ये ट्रॅक्टर जात नाही. अशा ठिकाणी ड्रोनला तोड नाही. मात्र यंत्र बदलले आणि मापाची भाषा जुनीच राहिली. निम्म्या तक्रारींचे मूळ इथे आहे, असे आमचे मत आहे.

विसाव्या हिश्श्याने पडलेल्या औषधाने अळी मरत नाही, उलट ती औषधाला सरावते. मग "ड्रोनने काही होत नाही" असा गावभर बोभाटा होतो. दुसरीकडे कोणीतरी अर्धवट ऐकून "ड्रोनला डबल डोस लागतो" म्हणतो आणि एकरी १२० मिली टाकतो. दोन्ही चूक. पाणी २०० लिटरवरून १० वर येते, औषधाची एकरी मात्रा तीच राहते. बाटलीच्या लेबलवर ती हेक्टरी १५० मिली अशी छापलेलीही असते. केंद्राने एप्रिल २०२२ मध्ये ४७७ नोंदणीकृत कीडनाशकांना ड्रोनने फवारण्याची अंतरिम परवानगी दिली. आपले मराठी सल्ले मात्र अजून पंपावरच अडले आहेत.

द्रावण वीसपट दाट झाले की आणखी एक गोष्ट घडते. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची ७५ टक्के पावडर एकरी ६०० ते ८०० ग्रॅम लागते. २०० लिटरमध्ये ती सहज विरते, १० लिटरमध्ये तिचा रबडा होतो. गाळणी तुंबते, एका बाजूचे नोझल बंद पडते, आणि खाली उभ्या माणसाला ते कळत नाही, कारण पंप चालूच असतो. चार दिवसांनी शेतात पट्टे दिसतात. दोन-तीन औषधे एकत्र केली तर कधी कधी दूध फाटल्यासारखे गोळे होतात. यावर उपाय फुकटचा आहे. पारदर्शक बाटलीत एक लिटर पाणी घ्यायचे (त्याच विहिरीचे, घरचे फिल्टरचे नव्हे), त्यात एकरी मात्रेचा दहावा हिस्सा टाकायचा, म्हणजे क्लोरॅन्ट्रानिलिप्रोलचे ६ मिली. आधी पावडर, मग एससी (बारीक कण तरंगणारे दाट द्रव), मग ईसी (पाण्यात दुधाळ होणारे तेलकट द्रव), शेवटी पाण्यात विरघळणारे. हलवून अर्धा तास ठेवायचे. गोळे, साका किंवा वर तेलकट थर आला तर ते मिश्रण टाकीत जाता कामा नये. बाटलीची ही चाचणी प्रत्येक सहाय्यक कृषी अधिकाऱ्याने (पूर्वीचा कृषी सहायक) गावात एकदा करून दाखवावी, एवढीच अपेक्षा.

दाट द्रावणाचा धोका माणसालाही आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. त्यानंतर ड्रोनचा पुरस्कार करताना "माणूस फवाऱ्यापासून लांब राहतो" हे सांगितले जाते. चालवणारा लांब राहतो हे खरे. बांधावर बसून दिवसभरात २० वेळा टाकी भरणाऱ्या मदतनिसाचे काय? त्याच्या हातावर सांडणारा थेंब पंपाच्या द्रावणापेक्षा वीसपट कडक असतो. प्रशिक्षणात पायलटवर भर असतो, मदतनीस मात्र अनेकदा त्या दिवशी रोजाने आणलेला मजूर असतो. त्याला नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, एप्रन आणि साबणाचे पाणी मिळाल्याशिवाय उड्डाण होऊ नये.

आता वेगाचे गणित. ड्रोन सेकंदाला ४ मीटर वेगाने जात असेल आणि ४ मीटर रुंदीचा पट्टा धरला, तर सेकंदाला १६ चौरस मीटर होतात. एकराचे ४,०४७ चौरस मीटर भरायला सुमारे सव्वाचार मिनिटे लागतात. तेवढ्यात १० लिटर पडायचे तर नोझलमधून मिनिटाला सुमारे २.४ लिटर यायला हवे. फवारणीचे भाडे एकरावर ठरते, म्हणून घाईतला चालक वेग ५ आणि पट्टा ५ करतो. एकर पावणेतीन मिनिटांत होतो, पंप तेवढाच राहतो, आणि एकरी पडतात साडेसहा लिटर. शेतकऱ्याला फक्त ड्रोन गेलेला दिसतो.

हे पकडायचे साधन म्हणजे पिवळा कागद, ज्यावर पाण्याचा थेंब पडला की निळा ठिपका उठतो. झाडाच्या शेंड्याला, मध्यावर आणि बुडाशी एकेक पट्टी लावायची. कीटकनाशकासाठी चौरस सेंटीमीटरला २० ते ३० ठिपके, स्पर्शजन्य (जिथे पडेल तिथेच काम करणाऱ्या) बुरशीनाशकासाठी ५० ते ७० पुरेसे मानतात. दाट वाढलेल्या कपाशीत शेंडा निळा आणि बूड कोरे, असे चित्र नेहमीचे आहे. तुडतुडे आणि पांढरी माशी तर पानाच्या खाली बसतात. तिथे ड्रोनचे यश मर्यादित आहे, हे जाहिरातीत नसले तरी शासनाच्या पत्रकात असावे.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. पिकापासून दोन मीटरच्या आसपास उंची आणि सेकंदाला ३ मीटरच्या आत वारा, यापलीकडे बारीक थेंब बांध ओलांडतात. राज्यात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर (२०१५-१६ ची कृषी गणना), म्हणजे बांध फार दूर नसतोच. जालना, बीडकडे बांधापलीकडे तुती असू शकते. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल मुख्यतः अळीवर्गावर चालते, आणि रेशीमकीटक ही अळीच. असा पाला खाल्लेली अळी खाणे सोडते आणि पंचवीस-अठ्ठावीस दिवसांची बॅच हातची जाते. फवारणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या रेशीम उत्पादकाला आणि मधपेट्या ठेवणाऱ्याला कळवणे आणि त्याची ग्रामपंचायतीत नोंद करणे सक्तीचे करावे.

महिला बचत गटांना ड्रोन देणाऱ्या नमो ड्रोन दीदी योजनेत ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये अनुदान आहे. ड्रोनसोबत बॅटरीचे चार जादा संच, वारामापक आणि पीएच मीटरही येते. यादी विचारपूर्वक केलेली आहे. तिच्यात जनरेटर मात्र नाही. ४४.४ व्होल्ट, २२ अँपिअर-अवर बॅटरीत सुमारे एक युनिट वीज मावते. अर्ध्या तासात ती भरायची तर चार्जर दोन किलोवॉट ओढतो. शेतातली वीज पाळीची, गावातली सिंगल फेज संध्याकाळी ढेपाळलेली. पाच संच आलटून-पालटून दिवसाला २० एकर करायचे तर बांधावर तीन-चार केव्हीएचा जनरेटर लागतो. बचत गट तो पदरमोड करून आणतो. त्यात हंगाम संपल्यावर पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवलेली बॅटरी फुगते. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायचा असतो, हे गटातल्या किती जणींना सांगितले गेले?

दुरुस्तीची रड वेगळी. पाते तुटणे, मोटर जळणे, पंपाचा पडदा चिकटणे या रोजच्या बाबी आहेत. विजेची बारीक तार ड्रोनच्या सेन्सरला बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे धडकाही होतात. सुटा भाग यायला तीन आठवडे लागले तर सोयाबीनची फवारणी संपलेली असते. जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात पाती, नोझल, पंप आणि मोटर यांचा साठा जुलै ते सप्टेंबर ठेवावा, किंमत आम्ही मोजू.

या सगळ्यात बिनखर्चाचे एक मोठे काम आहे, आणि ते आपल्या एका परिपत्रकाने होईल. येत्या खरिपापासून प्रत्येक शिफारस एकरावर छापावी. नमुना सोबत देत आहोत :

"क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ एससी : एकरी ६० मिली. पाणी : पाठीवरच्या पंपाने २०० लिटर, ड्रोनने १० लिटर."

कळावे,

आपले,
विदर्भ-मराठवाड्यातील काही ड्रोनचालक आणि फवारणी मदतनीस