इन्सुलिनचा डोस घटणे म्हणजे मधुमेह बरा होणे नव्हे

संपादक महोदय,

मधुमेह ‘मुळापासून बरा’ करण्याचे दावे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि आठवडे बाजारातल्या पत्रकांतून सर्रास केले जातात. टाइप वन मधुमेहाच्या लहान मुलांच्या बाबतीत हे दावे जीवघेणे ठरू शकतात, कारण त्यांच्या आजारात काही महिने असे येतात की दावा खरा वाटावा.

या आजाराचे निदान होते तेव्हा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींपैकी बऱ्याचशा शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या असतात, पण सगळ्या नव्हे. इंजेक्शने सुरू होऊन साखर ताब्यात आली की उरलेल्या पेशींवरचा ताण हलका होतो, त्या पुन्हा थोडेफार इन्सुलिन स्रवू लागतात आणि मुलाची गरज कधी कधी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला अर्ध्या युनिटच्याही खाली येते. डॉक्टर याला ‘हनिमून’ काळ म्हणतात. तो सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. अगदी लहानग्यांत आणि किटोॲसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याची गंभीर अवस्था) होऊन दवाखान्यात पोहोचलेल्या मुलांत तो कमी दिसतो किंवा लवकर संपतो.

रावेर तालुक्यात औषधांचे दुकान चालवताना मी पाहतो की डोस उतरला की काही पालक ‘पोऱ्या बरा व्हई गया’ म्हणत इन्सुलिन नेणेच थांबवतात, आणि त्याच सुमारास कुणाचा काढा चालू असेल तर सारे श्रेय काढ्याला जाते. पुढे साखर वाढली की पथ्य मोडले म्हणून बोल मात्र मुलालाच.

स्वतःचे इन्सुलिन किती उरले आहे, हे सी-पेप्टाइडच्या रक्ततपासणीतून कळते. स्वादुपिंड इन्सुलिनबरोबर तेवढेच सी-पेप्टाइड रक्तात सोडते, टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसते. 1993 साली निष्कर्ष जाहीर झालेल्या अमेरिका-कॅनडातील डीसीसीटी या अभ्यासात (त्यात किशोरवयीन आणि प्रौढ रुग्ण होते) ज्यांचे असे स्रवण शिल्लक होते त्यांच्यात साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रसंग कमी आढळले, आणि काटेकोर इन्सुलिन उपचाराने ते स्रवण अधिक काळ टिकल्याचेही दिसले. म्हणजे उरलेल्या पेशी जपायच्या असतील, तर डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करावा, बंद कधीही करू नये.

हे पालकांना मूल घरी सोडतानाच, त्यांच्या बोलीत आणि शक्यतो लेखी सांगितले जावे, अशी जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील डॉक्टरांना विनंती आहे. संपादकांकडे मागणी वेगळी आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, 1954 च्या यादीत मधुमेहाचा समावेश आहे आणि तो बरा करण्याच्या जाहिरातीच्या प्रकाशनात भाग घेण्यासही हा कायदा मनाई करतो. अशी जाहिरात छपाईला जाण्यापूर्वीच नाकारली जावी.

– एक औषध विक्रेता, रावेर (जि. जळगाव)