गोदामं भरलेलीच होती रे

प्रिय सच्या,

परवा फोनवर तू म्हणालास की कोरोनात जगात अन्न कमी पडलं म्हणून लोक उपाशी राहिले, आणि तेवढ्यात नेट गेलं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून बसून सविस्तर लिहितोय.

अन्न कमी पडलंच नव्हतं रे. २०२० साली जगात धान्य विक्रमी पिकलं, आणि त्याच वर्षी एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या) अंदाजाने ७२ ते ८१ कोटी लोक उपाशी होते, आदल्या वर्षीपेक्षा साधारण ११-१२ कोटी जास्त. आपल्याकडचंच बघ ना, लॉकडाऊन लागला तेव्हा एफसीआयच्या, म्हणजे सरकारी अन्न महामंडळाच्या, गोदामांत गहू-तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांच्या वर साठा होता, म्हणजे अडीअडचणीसाठी जेवढा राखीव साठा ठेवायचा असतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि तरी माणसं मुंबई-पुण्याहून उपाशीपोटी चालत निघाली कारण मजुरी बंद झाली होती आणि रेशनकार्ड गावाला होतं.

आमच्या बागेत काय झालं ते तुला तेव्हा नीट सांगितलंच नाही. मार्चअखेर, द्राक्ष काढणीला आलेली, आणि ज्याच्याशी सौदा झाला होता तो व्यापारी फोनच उचलेना, गाड्या बंद, मार्केट बंद. शेवटी एक्स्पोर्टचा माल बेदाण्याला घातला, भाव काय मिळाला ते विचारूच नकोस. पण आमचं एक वर्ष गेलं एवढंच, घरात खायला होतं. काढणीसाठी आलेली पेठ-सुरगाण्याकडची मजूर मंडळी बागेतच अडकली, त्यांच्या हातात ना पैसा ना कार्ड. आईने घरातले गहू-तांदूळ काढून दिले, पण असं किती घरांनी आणि किती दिवस करायचं? द्राक्षाने लगडलेल्या बागेत लेकरं भाकरीसाठी रडत होती, ते मला अजून सहन होत नाही.

एप्रिलपासून केंद्राने ८० कोटी लोकांना माणशी ५ किलो धान्य फुकट दिलं, फार मोठं काम होतं ते, त्याने खरंच लाखो घरं तगली. पण ते कार्डवाल्यांना! बिनकार्डाच्या मजुरांसाठीची घोषणा मे महिन्याच्या मध्यावर झाली, तोवर कितीतरी जण चालत चालत घरी पोचले होते. आणि कार्ड देशात कुठेही चालायला पाहिजे ही योजना सगळ्या राज्यांनी लागू करावी म्हणून सुप्रीम कोर्टाला मुदत घालून द्यावी लागली, तीही २०२१ मध्ये.

देशादेशांतही आपल्याला धान्य कमी पडेल अशी भीती होती. व्हिएतनामने मार्चमध्ये तांदळाचे नवे एक्स्पोर्ट करार थांबवले, रशियाने गव्हासकट धान्याच्या एक्स्पोर्टवर जूनपर्यंत ७० लाख टनांचा कोटा लावला. जो तो आपली कणगी झाकून बसला, आणि बाहेरून धान्य आणून खाणाऱ्या देशांच्या पोटात गोळा आला. नशीब की व्हिएतनामने मेपासून पुन्हा माल सोडला, नाहीतर २००८ सारखे तांदळाचे भाव भडकले असते.

आणि तुमच्याकडे अमेरिकेत तर हॉटेलं-शाळा बंद म्हणून डेअरीवाले दूध ओतून देत होते, मांसाचे कारखाने बंद पडले म्हणून डुकरं मारून टाकावी लागली, आणि त्याच आठवड्यांत फूड बँकेसमोर गाड्यांच्या रांगा. तूच फोटो पाठवले होतेस.

मला एवढंच वाटतं की पुढची साथ येईल तेव्हा पहिल्या आठवड्यापासून, जो रांगेत उभा राहील त्याला धान्य मिळालं पाहिजे, कार्ड कुठलंय हे नंतर बघा. धान्य आहे, दुकानं आहेत, मग अडतंय कुठे? यंदा आमच्या ग्रामपंचायतीत हा विषय मांडणार आहे, काढणीच्या दिवसांत बाहेरून आलेल्या मजुरांची यादी आधीच रेशन दुकानात असावी म्हणून.

तुमच्याकडे तेव्हा शाळांनी कागदपत्र न विचारता कुठल्याही पोराला जेवणाचं पाकीट दिलं होतं ना? ते कसं चालायचं, पैसे कोण द्यायचं, गैरवापर झाला का, हे तुझ्या शेजारच्या त्या शिक्षिकेला विचारून जरा नीट लिही. ग्रामसभेत उपयोगी पडेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना खूप प्रेम.

तुझाच,
बाळ्या