तुमच्या टेबलावरच्या बाटलीबद्दल

डॉक्टर मॅडम,

तुम्हाला आम्ही आठवणारही नाही. त्या दिवशी ओपीडीची रांग जिन्यापर्यंत गेली होती. हडपसरहून दोन बस बदलून आलेल्या माझ्या ९ वर्षांच्या लेकाने ओठांवरून जीभ फिरवली, तुमच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. परवानगीसाठी. तुम्ही ते टिपलंत. बाटली उघडून त्याच्या हातात दिलीत, "सगळं पी. आईकडे बघू नकोस."

मला तिथेच रडू फुटलं. अंथरूण ओलं करतो म्हणून संध्याकाळी सातनंतर त्याचं पाणी मीच बंद केलं होतं.

आम्ही मूळचे चंद्रपूरचे. पोरगा एसएस आहे, म्हणजे त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, हे तो दोन वर्षांचा असल्यापासून ठाऊक. पण सिकलसेल म्हणजे हातपाय ठणकणं, एवढंच आमचं ज्ञान. लघवीशी त्याचा संबंध कुणी जोडलाच नाही. एका डॉक्टरांनी "लाडावलाय" म्हणून बोळवण केली, दुसऱ्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, नॉर्मल बघून फाईल मिटली. शाळेत तर तासाला बाहेर सोडायचीच मारामार.

तुम्ही केसपेपरच्या पाठीमागे राजम्याच्या दाण्यासारखं मूत्रपिंड काढलंत. त्याच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी, क्षार आणि आम्लता जास्त. तांबड्या पेशी तिथे चटकन विळ्यासारख्या वाकतात आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मग मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही. पाणी तोडलं तरी लघवी होतच राहते, अंगातलं पाणी तेवढं आटतं आणि पेशी आणखी वाकतात. म्हणजे मी काय करत होते, ते मला पेन्सिलीच्या चार रेघांत दिसलं. क्रिएटिनिन या आजारात बरीच वर्षं चांगलंच दिसतं, लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे तिच्यातून जाणारं प्रथिन, दरवर्षी बघायचं, दुखण्याच्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत, हे सगळं सांगितलंत. मला मात्र एका शब्दानेही बोलला नाहीत.

हुशार डॉक्टर पुण्यात गल्लोगल्ली आहेत हो. पोराची नजर कुठून कुठे गेली, हे बघायला कोणत्या कॉलेजात शिकवतात?

आता त्याच्या उशाशी भरलेली बाटली असते. रात्री दोनला गजर होतो, तो कुरकुरत उठतो. अंथरूण अजूनही कधीकधी ओलं होतंच. पूर्वी शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून गादी मागच्या बाजूला वाळत टाकायचे. आता पुढच्या गॅलरीतच टाकते, ऊन तिथे चांगलं येतं.

तुमची,
बाटली रिकामी करून गेलेल्या मुलाची आई