नायगामवाला सरांच्या नावाचा एक बोर्ड लावा, साहेब

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

साहेब नमस्कार,

काम छोटं आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीचे पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ नायगामवाला यांच्यासाठी. पुतळा नको, स्मारक नको, समिती तर अजिबातच नको. दोन बोर्ड लावायचेत, एक जुना रिपोर्ट सगळ्यांना खुला करायचाय आणि इतिहासातली एक चूक सुधारायचीय, बास.

माझं माहेर जेऊर, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. पुणे-सोलापूर लाईनवरचं स्टेशन, गाडी दोन मिनिटं थांबते, उतरलं की चहाची टपरी, बाजूला उसाच्या ट्रॉल्या. लहानपणी आज्जी सांगायची की तिच्या सासऱ्यांनी गोऱ्या साहेबांचे तंबू बघितले होते, भर दुपारी अंधार पडला नि कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. आम्हाला वाटायचं म्हातारी फेकतीय. मोठी झाल्यावर कळलं की फेकत नव्हती, 22 जानेवारी 1898 ला आमच्या जेऊरवरून खग्रास सूर्यग्रहण गेलं होतं आणि ते बघायला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल 40 फुटी कॅमेरा घेऊन आला होता. आणि त्याच जेऊरला पुण्याहून पण एक टीम आली होती, तिचा प्रमुख गोरा नव्हता. त्या माणसासाठीच हे पत्र.

कावसजी दादाभाई नायगामवाला. जन्म 1857, पारशी, एल्फिन्स्टन कॉलेजचा एमए आणि नंतर तिथेच फिजिक्स शिकवायला. 1882 मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज बघायला आले नि 5000 रुपये देऊन गेले, मुंबई सरकारने तेवढेच वर घातले. ठरलं होतं की यातून स्पेक्ट्रोस्कोपची, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून तपासायच्या यंत्राची लॅब करायची. हे सामान आणायला नायगामवाला 1884 ला इंग्लंडला गेले, तिथे लॉकियर या तिथल्या नावाजलेल्या खगोलशास्त्रज्ञाशी नि इतर मोठ्या लोकांशी बोलणं झालं आणि लॅबची झाली वेधशाळा! सामान आणायला पाठवलेला माणूस वेधशाळेचा प्लॅन घेऊन परत येतो आणि सरकार ऐकून घेतं, आजच्या टेंडरच्या जमान्यात हे झालं असतं का सांगा.

मुंबईऐवजी ही वेधशाळा उभी राहिली पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, म्हणजे आज ज्या इंजिनियरिंग कॉलेजला आपण सीओईपी म्हणतो तिथे. 1888 पासून काम सुरू. दुर्बीण डब्लिनच्या ग्रबच्या कारखान्यातली, 20 इंची आरसा, त्या काळातली भारतातली सगळ्यात मोठी. नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. डायरेक्टर नायगामवाला, शिकवायचं पण त्यांनीच नि रात्री दुर्बिणीला डोळा लावायचा पण त्यांनीच.

आता कुणी म्हणेल की दुर्बीण आणली, ग्रहण बघितलं, त्यात एवढं काय. तर ऐका साहेब, हा भाग मला सगळ्यात आवडतो. तेव्हा लॉकियरचं म्हणणं होतं की तेजोमेघ, म्हणजे आकाशात धूसर ढगासारखे दिसतात ते, उल्कांचे थवे आहेत, एकमेकांवर आदळून चमकणारे, आणि त्यांच्या प्रकाशात जी मुख्य हिरवी रेघ दिसते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. मॅग्नेशियमची असती तर ती रेघ एका बाजूला पुसट होत गेली पाहिजे, ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखी. नायगामवालांनी पुण्यात बसून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून तपासला, रेघ दोन्ही बाजूंनी स्वच्छ, धारदार. 1891 ला हे लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या अंकात छापून आलं. म्हणजे ज्याच्याशी बोलून वेधशाळेची कल्पना पक्की झाली त्याच लॉकियरला त्या वेधशाळेतून सांगितलं की साहेब तुमचं चुकतंय. ती रेघ नक्की कशाची हे 1927 मध्ये बोवेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं, ऑक्सिजनची निघाली. मॅग्नेशियम नाही हे मात्र पुण्यात छत्तीस वर्षं आधी दिसलं होतं.

मग 1898 चं ग्रहण. पुण्यात प्लेगचा धुमाकूळ, आदल्याच वर्षी रँडचा खून झालेला, शहराचं वातावरण काय असेल बघा, आणि हा माणूस पेट्या बांधून, प्रिझम-कॅमेरे घेऊन जेऊरला जातो. जेमतेम दोन मिनिटांचा खेळ, तेवढ्यात सूर्याच्या कडेचे नि कॉरोनाचे, म्हणजे सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचे, वर्णपट टिपायचे, चुकलं तर परत संधी नाही. त्याचा अख्खा रिपोर्ट 1902 ला मुंबईत छापला गेला, वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड. जेऊरमध्ये आज कुणालाही विचारा, माहीत नाही. मलाही नव्हतं, मी काय बोलणार.

1912 मध्ये नायगामवाला रिटायर झाले आणि त्याच वर्षी वेधशाळेला कुलूप लागलं, यंत्रं रवाना झाली कोडाईकॅनालला. माणूस गेला की खातं बंद, ही आपली जुनीच रीत दिसतेय. स्पष्ट बोलायचं तर थोडा दोष त्यांच्याकडे पण जातो असं मला वाटतं, चोवीस वर्षांत मागे कुणी तयार केला नाही, पण एकट्याने सगळं ओढणाऱ्या माणसाला हे म्हणणं सोपं असतं आणि सरकारलाही दुसरा माणूस शोधावासा वाटला नाहीच की. दुर्बिणीला पुढे लोक भावनगर टेलिस्कोप म्हणायला लागले. देणगी देणाऱ्याचं नाव राहिलं, चांगलंच आहे, पण पुण्याचं नाव गेलं नि नायगामवालांचं तर कुठेच नाही.

बरं पुणं आज काय आहे बघा. खगोलशास्त्राची मोठी संस्था आयुका इथे, तीसुद्धा 1988 ची, म्हणजे नायगामवालांच्या वेधशाळेनंतर बरोब्बर शंभर वर्षांनी. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. या सगळ्याच्या आधी एक पारशी मास्तर इथे रात्री जागत होता हे पोरांना कळायला नको का?

मी एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला होता. तिथल्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, नायगाववाला म्हणजे वसईकडचे का, बिल्डर आहेत का? मी म्हटलं नाही हो, खगोलशास्त्रज्ञ. तर म्हणे ज्योतिषाचं आमच्याकडे येत नाही. अर्ज अजून तिथेच आहे.

आता ती चूक. विजयदुर्गला दरवर्षी 18 ऑगस्टला हेलियम दिवस होतो, लॉकियरने 1868 चं ग्रहण किल्ल्यावरून बघून हेलियम शोधला असं सांगतात. साहेब, 1868 ला लॉकियर इंग्लंडमध्ये होता, त्या ग्रहणाला गुंटूरला आला होता तो फ्रान्सचा जान्सेन. लॉकियर विजयदुर्गला आला 1898 ला, म्हणजे आमच्या जेऊरवाल्याच ग्रहणाला, आणि किल्ल्यावरचे ते साहेबाचे ओटे, म्हणजे यंत्रं ठेवायचे चौथरे, तेव्हाचे. आता किल्ला जागतिक वारशात गेलाय, बाहेरून अभ्यासक येतील, तोंडावर पडू आपण. हेलियम दिवस खुशाल करा, पोरं विज्ञानासाठी किल्ल्यावर जमतात ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त माहिती खरी द्या. आणि त्याच माहितीत दोन ओळी, की त्याच दुपारी घाटावर जेऊरला एक भारतीय डायरेक्टर पण वेध घेत होता.

तर मागणी अशी. पुण्यात महापालिका नामवंतांच्या घरांवर नीलफलक लावते, तसा एक सीओईपीच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असा. जेऊर स्टेशनच्या बाहेर एक साधा बोर्ड, मराठीत. आणि 1902 चा तो रिपोर्ट स्कॅन करून कुणालाही बघता येईल असा ठेवा, जमलं तर मराठीत सारांशही.

जेऊरच्या बोर्डाचा खर्च तुम्हाला नको, माझे भाऊ नि गावातली चार जणं मिळून करू, पेंटर पण ठरलाय. परवानगी मात्र कोण देणार ते रेल्वे एकीकडे सांगते, तालुका दुसरीकडे. तेवढा एक फोन करा. 22 जानेवारीच्या आत झाला तर बरं.

आपली,
जेऊरची एक माहेरवाशीण, मुक्काम पुणे