कोतवालकाका, तुमचे मनापासून आभार

आदरणीय कोतवालकाका,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजांच्या काळातल्या नकाशावरची आपल्या हिंगणघाट भागातली नावं आजच्या जागांशी लावून घ्यायला तुम्ही जी मदत केली, तिचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे पत्र.

मोठ्या गावांची माहिती पुस्तकांत सापडते. हिंगणाची झाडं आणि वणा नदीचा घाट, म्हणून हिंगणघाट. वर्धा शहर १८६६ साली वसलं ते पालकवाडीच्या जागेवर. तिथल्या शेगावचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. पण नाल्याकाठच्या 'उंबरझरी'ची नोंद कोण ठेवणार? ती फक्त तुमच्याजवळ होती.

गुडघे दुखत असताना तुम्ही पऱ्हाटीतून, धुऱ्याधुऱ्यानं मला रिठावर, म्हणजे उठून गेलेल्या गावाच्या जागेवर नेलंत. नकाशात तिथं नुसतं एक नाव आहे. तुम्ही काठीनं माती उकरली, तर खापरं निघाली, फुटक्या जात्याची तळी निघाली. पलीकडे बाभळीखाली शेंदराचा मारोती. "गाव उठते, मारोती उठत नाई," तुम्ही म्हणालात. तेव्हापासून कुठल्याही उजाड गावाची जागा शोधताना मी आधी मारोती विचारतो.

उंबरझरीला आज एकही उंबर नाही. तरी तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. शेजारच्या गावातल्या दोन म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचारायला लावलंत, दोघींनी झऱ्याची एकच जागा सांगितली, मगच "आता लिहा" म्हणालात. आणि गवळणखोरीचं विचारल्यावर सरळ सांगितलंत, "मले ठाऊक नाई, उगा काही जोडू नका." ते नाव मी तसंच कोरं ठेवलंय. इतकं प्रामाणिक उत्तर मला फार कमी ठिकाणी मिळालं.

हिंदुस्थानची नकाशासाठीची महामोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटलाच वारले. त्यांचं नाव इतिहासात आहे, असायलाच हवं. पण नंतरच्या मोजणीदारांना नाल्यांची, टेकड्यांची नावं सांगणारी माणसं गावचीच होती, आणि नकाशाच्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी जागा नव्हती. आपण देवनागरीत उतरवलेल्या नकाशावर 'माहिती : गावचे कोतवाल' असं मी ठळक लिहिलंय. तुमची परवानगी असेल तर पूर्ण नावही घालतो.

पूर्वेकडच्या शिवेची नावं अजून तुमच्या नजरेखालून जायची आहेत. तूर निघाली की येतो. काकूंना नमस्कार.

आपला,
नकाशावाला पोरगा