मन्याला पत्र: हनोईचं वायफाय आणि आपला ओटीपी

पुणे
रविवार दुपार

प्रिय मन्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, कारण पहिल्या वेळी तुझ्यापेक्षा कुकरच्या शिट्ट्याच जास्त ऐकू आल्या. प्रश्न कळला: व्हिएतनामला कॅफेतल्या फुकट वायफायवर भागेल की सिम घेऊ? आणि शेवटी मागून वहिनींचं, "भाऊजींना विचारा, ते सेफ असतं का." फोन केला तर तू पाच मिनिटांत क्रिकेटवर जाशील, म्हणून लिहूनच काढतो.

भागेल. युरोपात जाणार असतास तर इतक्या चटकन म्हणालो नसतो, पण तिथे कॅफे म्हटलं की वायफाय आलंच. हनोईच्या जुन्या वस्तीत, होआन किएम तळ्याच्या उत्तरेला, ज्या गल्लीत शिरशील तिथे कॅफे. काहींना दार असतं, काहींचा सगळा कारभार फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर. (बरोबर येणाऱ्या काकूंना त्या स्टुलांवर बसवू नकोस. बसतील, पण उठवायला दोघं लागतील.) त्या स्टुलवाल्याकडेही बऱ्याचदा वायफाय असतं आणि पासवर्ड भिंतीवर, मेन्यूच्या कोपऱ्यात नाहीतर बिलाच्या तळाशी लिहिलेला असतो. नाहीच दिसला तर फोन पुढे करायचा, काउंटरवरची पोरगी स्वतःच टाइप करून देते.

पासवर्ड बघून तुला हसू येईल. १२३४५६७८, नाहीतर ८८८८८८८८, नाहीतर दुकानाचा फोन नंबर. आठच आकडे का, तर राउटरच्या डब्ल्यूपीए२ नावाच्या कुलूप-पद्धतीत आठपेक्षा कमी अक्षरांचा पासवर्ड चालतच नाही. यंत्राने मागितलं तेवढं दिलं, वर एक अक्षर नाही. त्यात आठचा आकडा तिथे शुभ मानतात, त्यामुळे तेही साधतं. कुलूप आहे, पण किल्ली दारालाच लटकवलेली.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. तिथली घरं रुंदीला चिंचोळी आणि उंचीला चार-पाच मजली, आणि कॅफे अशाच घरांत, मजल्यावर मजला चढवलेली. काँक्रीटच्या स्लॅबमधून सिग्नल वर पोचत नाही, म्हणून दर मजल्याला वेगळा राउटर. फोनमध्ये एकाच दुकानाची तीन-चार नावं दिसतात, पुढे 'टँग १', 'टँग २' असं. टँग म्हणजे मजला. खाली ऑर्डर देताना तुझा फोन 'टँग १'चं वायफाय पकडतो, तू कप घेऊन वर जाऊन बसतोस, आणि फोन खालच्या मजल्याचा मेलेला सिग्नल धरून ठेवतो. मग लोक म्हणतात इथलं नेट भिकार आहे. नाव बदललं की झालं. सहसा सगळ्या मजल्यांना पासवर्ड एकच असतो.

कॉफीचं सांगायलाच हवं, कारण वायफायचं भाडं तेच. एक कप साधारण पंचवीस ते पंचेचाळीस हजार डोंग. दचकू नकोस, तीनशे डोंगला साधारण एक रुपया धर, म्हणजे शंभर-दीडशेच्या आत. तेवढ्यात बर्फाचा चहा बहुतेक ठिकाणी न मागता, फुकट. आणि तीन तास बसलास तरी कोणी फडकं घेऊन टेबल पुसायला येत नाही. व्हिएतनाम कॉफी पिकवण्यात जगात ब्राझीलखालोखाल, आणि पिकते ती मुख्यतः रोबस्टा, म्हणजे कडक आणि कडू. तीवर कंडेन्स्ड मिल्कचा जाड थर. आपल्या फिल्टर कॉफीच्या सवयीने एका घोटात घेतलीस तर रात्री दोनपर्यंत छत बघत पडशील.

न्गुयेन हू हुआन रस्त्यावरच्या कॅफे जांगमध्ये जाच. बाहेरून बोळ आहे, आत दुकान असेल असं वाटत नाही. अंड्याची कॉफी म्हणतात ती इथलीच. १९४६ मध्ये दुधाचा तुटवडा होता तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून काढलेली. छोटा कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात, वरचा फेस निवू नये म्हणून. चमचा आत घातलास की पिवळा फेस बाजूला होतो आणि खालून काळी कॉफी वर येते. काकूंना अंडं चालत नाही हे मला माहीत आहे, त्यांच्यासाठी नारळाच्या दुधाची कॉफी शोध, हनोईत बऱ्याच ठिकाणी मिळते. कोकणातल्या माणसाला ती आवडणारच.

आता वेगाबद्दल. देशातल्या देशात वेग झकास. पण कधीकधी सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण असतात आणि पुण्याला लावलेला व्हिडिओ कॉल मात्र गोठतो. याचं कारण कॅफेत नसून समुद्रात असतं. आपल्याकडे जशा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर इंटरनेटच्या परदेशी केबल येतात, तशा त्यांच्याकडे दा नांग, वुंग ताऊ वगैरे ठिकाणी मोजक्याच समुद्री केबल येतात, आणि त्या वरचेवर बिघडतात. २०२३ च्या फेब्रुवारीत तर पाचच्या पाच केबलींना एकाच वेळी दुखणं लागलं होतं. दुरुस्तीला जहाज जावं लागतं, त्यामुळे आठवडेच्या आठवडे जातात. तर काकूंचा मावशींशी रोजचा व्हिडिओ कॉल अडकला, तर कॉफीवाल्याला राउटर बंद-चालू करायला लावू नकोस. नुसता आवाजाचा कॉल लाव, तो बहुतेक वेळा जातो. त्यांची वेळ आपल्या दीड तास पुढे आहे, हे मावशींना आधीच सांगून ठेव. आणि काकूंची संध्याकाळची मालिका आधी उतरवून घे. हक्कांच्या भानगडीमुळे आपली ॲप्स परदेशात सगळं दाखवतीलच असं नाही, आणि मालिका चुकली तर तुला आयुष्यभर ऐकवतील.

तू विचारलं नाहीस, पण युरोपाबद्दल मी का बिचकतो तेही सांगतो. स्टुटगार्टला कंपनीच्या कामाला होतो तेव्हा, २०१५ च्या आसपास, कॅफेत वायफाय विचारलं की मालक अवघडून बघायचा. कंजूषपणाचा प्रश्न नव्हता. गिऱ्हाइकाने त्या लाइनवरून चोरून सिनेमा उतरवला तर हक्कवाल्यांच्या वकिलाचं पत्र लाइनच्या मालकाला यायचं. २०१० मध्ये जर्मनीच्या संघीय न्यायालयाने घरगुती वायफाय सुरक्षित ठेवणं ही मालकाचीच जबाबदारी ठरवली, मग तर सगळे आणखी सावध झाले. कोणी वायफाय दिलंच तर पावतीच्या कागदावर छापलेला कोड, तोही तासाभराचा. २०१७ मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे मालकांच्या डोक्यावरचं हे ओझं उतरलं. इटलीत वेगळीच कथा. लंडनच्या स्फोटांनंतर २००५ मध्ये त्यांनी फर्मान काढलं, आणि पुढे २०१० संपेपर्यंत सायबर कॅफेत बसायचं तर ओळखपत्र दाखवून नोंद करायची.

आणि आपण त्यांना नावं ठेवायला नकोत. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी जो धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. पुढे २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सूचना काढल्या, आणि तेव्हापासून आपल्याकडे सार्वजनिक वायफाय म्हणजे मोबाईल नंबर द्या, ओटीपी टाका. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्टेशनांवर फुकट वायफाय सुरू झालं तेही याच वाटेने. उद्या हनोईचा माणूस सीएसएमटीच्या फलाटावर उतरला, तर भारतीय नंबर नाही म्हणून तो बाहेर. त्यांच्या गल्लीतल्या स्टुलवाल्याने आपल्याला न विचारता जे दिलं, ते आपण त्याला देऊ शकत नाही. ज्या देशाला ज्याची धास्ती, तसं त्याचं वायफाय.

यावरून मुद्द्यावर येतो. मन्या, तुझं घोडं वायफायपाशी अडणार नाही, ओटीपीपाशी अडेल. बहुतेकांना वाटतं की नेट आलं म्हणजे फोन चालू झाला. वायफायवर व्हॉट्सॲप येतं, बँकेचा एसएमएस येत नाही. तो येतो सिमवर, आणि सिमला तिथलं नेटवर्क मिळालं तरच. मी व्हिएतनामला गेलो होतो तेव्हा आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी फोनमध्ये तिथलं सिम घातलं आणि आपलं सिम हॉटेलच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. दा नांगच्या कॅफेत बसून ह्युएचं रेल्वेचं तिकीट काढायला गेले. वायफाय फुल, कार्ड बरोबर, आणि ओटीपी गेला ड्रॉवरमधल्या सिमला! शेवटी स्टेशनवर जाऊन रोखीने तिकीट काढलं.

म्हणून निघण्याआधी घरी बसून एवढं उरकून टाक. आपल्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घे आणि येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का ते कंपनीला विचार, सहसा पडत नाहीत. रोमिंगचा डेटा मात्र बंद ठेव, नाहीतर खिशाला कात्री. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे कार्डाचा परदेशातला वापर आपला आपण चालू करावा लागतो, तो बँकेच्या ॲपमध्ये करून ठेव. जीमेलचे बॅकअप कोड, आठ-आठ आकड्यांचे दहा येतात, ते कागदावर उतरवून पासपोर्टच्या पाउचमध्ये ठेव. आणि तिथे जाऊन यूपीआयचं किंवा बँकेचं ॲप काढून पुन्हा टाकायचा उद्योग करू नकोस. पुन्हा नोंदणीला ते त्याच सिमवरून एसएमएस पाठवायला बघतं, आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो.

वहिनींच्या प्रश्नाला आता उत्तर. पूर्वी भीती खरी होती. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक फुकटचं साधन निघालं, ते घेऊन कॅफेत बसलं की शेजारच्या टेबलावरच्याचं फेसबुक उघडता यायचं. त्यानंतर मोठ्या साइट्सनी सगळी ये-जा कुलूपबंद केली, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशी, म्हणून आज ॲपमधून बँक बघितली तर कॉफीवाल्याला ती दिसत नाही. अजून जपायचं ते इतकंच: वायफायच्या पानाने ईमेलचा पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर मागितला तर उठून शेजारच्या कॅफेत जायचं. मोठ्या साखळी दुकानांत आणि विमानतळावर आधी जाहिरातीचं पान येतं आणि मग बटण दाबायचं असतं. ते पान कधीकधी उघडतच नाही, कारण राउटरला फक्त कुलूप नसलेली साइट मध्येच अडवता येते आणि आता बहुतेक साइट्सना कुलूप असतं. अशा वेळी ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाक, ती मुद्दाम विनाकुलूप ठेवलेली साइट आहे, लगेच पान येतं. तरी नाही आलं तर काकूंच्या फोनमध्ये भाच्याने जाहिराती अडवायला लावलेली 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची सेटिंग तेवढ्यापुरती बंद कर.

खरा धोका हॅकरचा नाहीच, तो फोन हिसकावणाऱ्या मोटारसायकलवाल्यांचा. हो ची मिन्ह शहरात फुटपाथच्या कडेला उभं राहून, कॅफेचं वायफाय बाहेरपर्यंत येतंय म्हणून फोनमध्ये डोकं घालणारे पर्यटक हेच त्यांचं गिऱ्हाईक. मागून दोघं येतात, मागचा हात घालतो, तुला कळेपर्यंत वळणाआड. फोन भिंतीकडे तोंड करून वापर आणि वहिनींना तर आतच बसव.

ग्रॅब, म्हणजे तिकडचं ओला-उबर, बोलावतानाही आतच बस. कॅफेच्या वायफायवर गाडी बुक कर, नंबर कागदावर लिही, गाडी दारात आली की बाहेर पड. पंचाईत अशी की रस्त्यावर पाऊल टाकलंस की नेट संपतं, आणि ड्रायव्हर चौकाच्या पलीकडे उभा राहून मेसेज करत असतो. म्हणून, आणि काकू बरोबर आहेत म्हणून, माझं मत विचारशील तर एकाच फोनमध्ये तिथलं सिम किंवा ई-सिम घे, तिथल्या व्हिएटेल कंपनीचं वगैरे, पासपोर्ट दाखवून मिळतं. तुझ्या फोनला दोन सिमची सोय आहे, आपलं सिम काढू नकोस. बाकीच्या फोनना कॅफेचं वायफाय पुरे. एकटा असतास तर तेही घे म्हणालो नसतो. गूगल मॅपचा हनोई आणि होई आनचा नकाशा उतरवून ठेव, आणि ई-व्हिसाची प्रत कागदावर. विमानतळावर फुकट वायफाय आहे, पण रांगेत नंबर आल्यावर ते शोधत बसू नये.

अजून काय. वहिनींनी विचारलेल्या रेशमी कापडाच्या दुकानाचं होई आनमधलं नाव मला आठवत नाही, गल्ली आठवते, ती नकाशावर खूण करून पाठवतो. माझ्यासाठी येताना एक फिन आण, कपावर ठेवायचा तो ॲल्युमिनियमचा फिल्टर. साधा, बाजारातला. पर्यटकांच्या दुकानातला नको, तो गळतो. काकूंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
बाप्या