दिन्या, 'स्टेबल'वर रुसू नकोस

परळ, मुंबई

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

"गाठी तेवढ्याच आहेत, मग या गोळ्या गिळून काय उपयोग?" किडनीच्या कॅन्सरच्या सीटी स्कॅनमध्ये 'स्टेबल' आलं, म्हणून एवढं बोलून तू फोन ठेवलास. माझं ऐकून तरी घ्यायचंस! उभा जन्म सीटीच्या खोलीत गेलाय माझा.

औषधाने गाठी उतरल्या की वाढल्या, हे मोजायचा नियम ठरलेला आहे. त्याला रेसिस्ट म्हणतात, सध्या चालतो तो 2009 चा. फार तर पाच गाठी निवडायच्या, एका अवयवातल्या दोनच, आणि त्यांच्या लांबीची बेरीज करायची. ती पहिल्या स्कॅनपेक्षा निदान 30 टक्के उतरली तर औषधाला प्रतिसाद. आतापर्यंतच्या सगळ्यांत कमी बेरजेपेक्षा 20 टक्के आणि किमान 5 मिलिमीटर चढली, किंवा नवी गाठ उगवली, तर आजार वाढला. मधलं सगळं 'स्टेबल'. तुझी बेरीज 62 मिलिमीटरची 58 झाली. उतरलीच की! पण दोघांनी मोजलं तरी एवढा फरक पडतो रे, म्हणून पेढे वाटू नकोस. पुढच्या खेपेला 60 आली तर रडूही नकोस.

आता खरी गोष्ट. तुझ्या गोळ्या, म्हणजे सुनिटिनिब, गाठीचा रक्तपुरवठा तोडतात. तुझ्या किडनीच्या कॅन्सरची जात क्लिअर सेल. तिच्या गाठी रक्तावर पोसलेल्या, स्कॅनआधी शिरेतून कॉन्ट्रास्ट म्हणजे रंगद्रव्य दिलं की पांढऱ्या झळकतात. औषध लागू पडलं की त्या आतून मरतात, काळपट दिसतात, पण आकार फारसा हलत नाही. आतून कुजलेला नारळ बाहेरून तेवढाच दिसतो ना, तसं. तेव्हा डॉक्टरांना लांबीबरोबर हेही विचार: गाठी पहिल्यापेक्षा काळ्या पडल्यात का?

हे कळायला दोन्ही स्कॅन सारखे हवेत. एकदा कॉन्ट्रास्टचा, एकदा साधा, असं केलंस तर तुलना कशाशी करायची? शक्यतो सेंटर बदलू नकोस, आणि जुनी सीडी ने. फिल्म बघून कोणी नीट मोजत नाही. एकच किडनी उरलीय म्हणून शेजारी कॉन्ट्रास्टला घाबरवतील. किडनीचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी आधी करून घे, पुढचं डॉक्टर ठरवतील.

तुझा मेव्हणा पेट स्कॅनचा हट्ट धरून बसलाय म्हणे. अरे, त्यात टोचतात ती किरणोत्सारी साखर लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे किडनी तशीही उजळतेच. शिवाय या जातीच्या बऱ्याच गाठी साखर फारशी खात नाहीत. नेहमीच्या तपासणीला सीटीच बरा.

उद्या इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध, सुरू झाली तर हिशेब थोडा बदलतो. क्वचित गाठी आधी फुगतात, मग उतरतात. म्हणून तब्येत बरी असेल तर चारेक ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करतात. ते तेव्हा बघू.

वहिनींना सांग, गोळ्यांची वेळ त्यांनीच सांभाळावी, तुझ्यावर माझा भरवसा नाही. आणि दोन्ही सीड्या रविवारी पोराबरोबर पाठव. जेवायलाही त्याला इकडेच सांग.

तुझा,
बाळ्या